फोन घरात आहे, पण ओटीपी कुणाच्या हातात?

प्रश्न असा आलाय: ‘आमची छोटी संस्था आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या काही गावांत डिजिटल दरी कमी करण्यासाठी एका देणगीदाराकडून पैसे मिळतायत. त्यांचा आग्रह शाळेला टॅब आणि गावाला वाय-फाय देण्याचा आहे. पण आता घरोघरी स्मार्टफोन आहे, डेटा स्वस्त आहे. मग दरी नेमकी उरली कुठे, आणि पैसे कशावर घालावेत?’

आधी उत्तर, मग कारणं. टॅब घेऊ नका. वाय-फाय घ्यायचंच असेल तर सगळ्यात शेवटी घ्या. पैसे दोन गोष्टींवर घाला: गावातच बसणाऱ्या एका-दोन माणसांच्या मानधनावर, आणि बायकांचे मोबाईल नंबर चालू ठेवण्यावर. देणगीदाराला हे फिकं वाटेल, फोटोही चांगले निघणार नाहीत. पण मराठवाड्यातल्या बचत गटांना आणि सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, मधला काही काळ सातपुड्यात धडगावकडे होतो, आणि पैसा कुठे मुरतो आणि कुठे कपाटात कुलूपबंद होतो हे दोन्हीकडे सारखंच दिसलं.

तुमचं निरीक्षण खोटं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, ग्रामीण भागात तर १४.९ टक्केच. २०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या पाहणीत देशाचा आकडा ८६.३ टक्क्यांवर गेला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ बाजारात आलं, डेटाचे भाव कोसळले, चिनी फोन स्वस्त झाले, आणि करोनात शाळा बंद पडल्यावर ज्यांनी कधी फोनचा विचार केला नव्हता त्यांनीही उसनवारी करून घेतला.

पण हा आकडा घराचा आहे, माणसाचा नाही. घरात एक फोन असला की सहा माणसं ‘जोडलेली’ धरली जातात. तो फोन सकाळी नवऱ्याच्या खिशात जातो, संध्याकाळी पोराच्या हातात. बाईच्या वाट्याला येतो तो भांडी झाल्यावर, तोही कुणीतरी व्हिडिओ लावून दिला तर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनी आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांनी ६१ टक्क्यांच्या वर. खेड्यातल्या बायका घेतल्या तर चारात एक. ३८ चा आकडा शहरं धरून, मुंबई-पुणे धरून आलेला आहे, हे लक्षात घ्या. पुढच्या पिढीत चित्र पालटेल म्हणावं, तर २०२३ च्या ‘असर’ पाहणीत फोन चालवता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळपास ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २० टक्क्यांकडे. चालवता दोघांना येतो. पण मुलीला तो मागून घ्यावा लागतो, आणि कशाला हवाय ते सांगावं लागतं.

आता हे सगळं मनोरंजनापुरतं असतं तर मी एवढं लांबवलं नसतं. गोची अशी की गेल्या दहा वर्षांत सरकारी कामाचा सगळा डोलारा ‘एक माणूस, एक आधार, एक चालू नंबर’ या गृहीतावर उभा राहिला. रेशन, बँक, पीकविमा, शिष्यवृत्ती, लाडकी बहीण, सगळीकडे शेवटी सहा आकडे विचारले जातात. ते आकडे येतात एका नंबरावर. तो नंबर बाईचा असेलच असं कुणी सांगितलं?

लाडकी बहीणचंच घ्या. २०२४ च्या जुलैपासून योजना सुरू झाली, महिना १५०० रुपये. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी बंधनकारक झाली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी, त्यानंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा ओटीपी. संकेतस्थळ दिवसा उघडायचं नाही, म्हणून बायका रात्री अकरा-बारानंतर पोरांना उठवून बसायच्या. नवरा वारलेला, टाकून दिलेला, वडीलही नाहीत, अशा बायकांनी दुसरा ओटीपी आणायचा कुठून याचं उत्तर सुरुवातीला संकेतस्थळाकडे नव्हतंच. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. हे तीन-साडेतीन महिने ऊसतोडीच्या गावांत काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात, आणि दिवाळीपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं तेवढी उरतात. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतो.

एक प्रसंग जवळून सांगतो, कारण असे प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलेत की तो अपवाद म्हणता येत नाही. केंद्रावर एक मावशी आल्या. पंचेचाळीसच्या आसपास, फडावरून खास याच कामासाठी दोन दिवसांची खाडी करून आलेल्या. म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, वर गाडीभाडं. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, पासबुक, रेशनकार्ड आणि बटणांचा फोन. फोनच्या पाठीला चिकटपट्टी, तिच्याखाली पोराच्या अक्षरात स्वतःचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. केंद्रातल्या पोराने आधार टाकलं, ओटीपी पाठवला, फोन वाजला नाही. पुन्हा पाठवला, तरी नाही. आधारला जोडलेल्या नंबराचे शेवटचे आकडे दिसत होते आणि ते चिठ्ठीतल्या नंबराचे नव्हते. मावशींच्या मुलाला फोन लावला, तेव्हा कळलं की तो जुना नंबर, तीन-चार वर्षांपूर्वीचा. केंद्रातल्या पोराने त्या जुन्या नंबरावर फोन केला. कुणीतरी उचलला. दुसऱ्या जिल्ह्यातला अनोळखी माणूस. ‘दादा, तुमच्या फोनवर आत्ता ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?’ त्याने शिवी हासडून फोन ठेवला. आणि त्याचं काय चुकलं? टीव्हीवर, बँकेत, कॉलर ट्यूनवर रोज सांगतात, ओटीपी कुणालाही देऊ नका.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रकल्पाचं मर्म इथे आहे. आधार काढलं तेव्हा घरातला जो नंबर होता तो दिला गेला. पुढे कुटुंब हंगामाला गेलं. फडावर नवरा-बायको चोवीस तास एकत्र, मग दोन फोन कशाला भरायचे? बाईचा प्लॅन संपू दिला. आधी आउटगोइंग बंद, थोड्याच दिवसांत इनकमिंगही बंद. नव्वद दिवस सिमवर काहीच हालचाल नसली आणि शिल्लक वीस रुपयांच्या आत असली की कंपनी नंबर बंद करू शकते. नंतर ठरावीक काळ गेला की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे नंबर मरायला लागणारा वेळ हंगामात आरामात बसतो. परत आल्यावर बाजारात छत्रीखाली बसलेल्या पोराकडून नवीन सिम घेतलं जातं, आणि आधारला, बँकेला, गॅसला जुनाच नंबर राहतो. यात ना बाईचं अडाणीपण आहे ना कुणाचा कट. प्लॅनची मुदत आणि ऊसतोडीचं वेळापत्रक यांचं जुळत नाही, एवढंच.

रिचार्जचा हिशोबही मांडून ठेवा. २०२४ च्या जुलैत कंपन्यांनी दर वाढवले, आणि मोठ्या कंपन्यांचा २८ दिवसांचा अगदी साधा प्लॅन दोनशेच्या आसपास गेला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज. एका फोनला सव्वीसशे, दोन फोनला बावन्नशे. लाडकी बहीणचे साडेतीन हप्ते त्या योजनेसाठी लागणारे दोन नंबर चालू ठेवण्यातच गेले म्हणायचे. घरात दोनपैकी एक फोन बंद ठेवायची वेळ आली तर कुणाचा बंद राहतो हे वेगळं सांगत नाही.

इथे एक उपयोगी माहिती. दूरसंचार नियामकाने २०२४ च्या डिसेंबरात कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅन द्यायला लावले. २०२५ च्या सुरुवातीपासून ते मिळतात. ८४ दिवसांचा साधारण साडेचारशेच्या घरात पडतो. बटणांच्या फोनला डेटा नकोच असतो, ओटीपी मात्र येतो. शिवाय तेरा वेळा आठवण ठेवण्याऐवजी वर्षातून चार-पाचदा. दुकानदार हे प्लॅन आपणहून सांगत नाही, मागून घ्यावा लागतो. माझ्या पाहण्यात गावातल्या बहुतेक बायकांना असा प्लॅन असतो हेच माहीत नसतं.

दुसरी गाठ केंद्रावर पडते. आपले सरकार केंद्र, सीएससी म्हणजे सामायिक सेवा केंद्र, किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान, लोकांसाठी तिन्ही एकच: ‘ऑनलाइनवाला’. मला या पोरांबद्दल राग नाही. दराच्या फलकापेक्षा वरचे पैसे घेतात हे खरं, पण तालुक्यातलं निम्मं सरकार त्यांच्या खुर्चीवर चालतं. प्रश्न पैशाचा कमी, नंबराचा जास्त आहे. गिऱ्हाइकाकडे फोन नसतो किंवा रिचार्ज नसतो, म्हणून पोरगा अर्जात स्वतःचा नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो, आणि काउंटरखालच्या वहीत लिहून ठेवतो. ती वही एकदा मागून पाहा. पानामागून पान नावं, आधारचे आकडे, आणि पुढे एकच पासवर्ड, बहुधा केंद्राच्या नावापुढे एक-दोन-तीन. अर्जात त्रुटी निघाली की निरोप त्याच्या फोनवर येतो. तिथे रोज शंभर निरोप पडतात. शेतकऱ्याची ठिबकला किंवा अवजाराला निवड होते, कागद चढवायची मुदत निघून जाते, अर्ज आपोआप रद्द होतो, आणि शेतकरी वर्षभर सांगत राहतो की माझा नंबरच लागला नाही. पोरगा गाव सोडून पुण्याला नोकरीला गेला की वहीबरोबर शे-दोनशे लोकांच्या चाव्या गेल्या.

तिसरी अडचण अगदी बारीक, म्हणून मोठ्या कार्यालयात बसलेल्यांना दिसत नाही. कॅप्चा. सातवी-आठवीपर्यंत शिकलेली बाई मराठी सफाईने वाचते, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून टाइप करते, गटाचा हिशोब ठेवते. अर्ज मराठीत आहे, तिथपर्यंत ती बरोबर जाते. मग वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं येतात, त्यात लहान एल की मोठा आय, शून्य की ओ, वर आडवी रेघ मारलेली. कीबोर्डची भाषा बदलायची, मोठी लिपी कुठून काढायची. तीन वेळा चुकलं की पान पुन्हा पहिल्यापासून. प्रशिक्षणात मी आधी कॅप्चा शिकवतो, बाकीचं नंतर. एका दुपारच्या सरावात येतो, आणि त्याने केंद्राच्या अर्ध्या फेऱ्या वाचतात.

आणि आता तर घाईचीही भर पडली आहे. महाडीबीटीवर, म्हणजे योजनांचे अर्ज भरायच्या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, शेतकरी योजनांची निवड पूर्वी सोडतीने व्हायची. लोक सोडतीला नावं ठेवायचे, पण सोडतीत रेंज असलेला आणि नसलेला सारखाच असायचा. २०२५ मध्ये ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य’ आलं. दिसायला न्याय्य. प्रत्यक्षात ज्याच्या घरात लॅपटॉप आणि कागदपत्रांच्या फायली तयार, तो पहिल्या तासात. ज्याला बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचंय, तो शुक्रवारी किंवा मंगळवारी. लसीकरणात हे एकदा होऊन गेलं होतं. २०२१ च्या मेच्या सुरुवातीला १८ ते ४४ वयोगटाला लस फक्त कोविनवर नोंदणी करून मिळायची, आणि मुंबई-पुण्याची माणसं गाड्या काढून पालघर, ठाणे, पुणे जिल्ह्यांतल्या खेड्यांच्या केंद्रांवर लस घेऊन गेली. गावातले लोक आपल्याच आरोग्य केंद्रासमोर उभे राहून बघत होते. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट येणाऱ्यांचीही नोंदणी करायची मुभा राज्यांना मिळाली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने या दरीवरून केंद्राला प्रश्न विचारले.

सगळंच वाईट आहे असं मात्र नाही. ई-पीक पाहणी बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो टाकायचा, तो सातबाऱ्यावर चढतो. पहिल्या वर्षी मलाही वाटलं, मेला आता गरीब शेतकरी. अ‍ॅप अडकायचं, सर्व्हर बसायचा, अजूनही बसतो. पण बनवणाऱ्यांनी तीन गोष्टी शहाणपणाच्या केल्या. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणजे भावकीतला एक पोरगा सगळ्या गटांची करून टाकतो. आणि शेतकऱ्याची मुदत संपल्यावर राहिलेली पाहणी सहायकामार्फत करण्याची सोय आहे. शेतात रेंज नसली तरी फोटो काढून ठेवता येतो आणि नंतर चढवता येतो. ज्याच्याकडे फोन नाही तो गृहीत धरून योजना आखली की काय होतं, त्याचा हा नमुना. तुम्ही कलेक्टर कचेरीत जाल तेव्हा याचंच उदाहरण द्या, तक्रारीपेक्षा ते लवकर पटतं.

उलट उदाहरण अंगणवाडीचं. सेविकांना सरकारने फोन दिले, म्हणजे दरी मिटली असं धरलं गेलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. दोन जीबी रॅमचे फोन, पोषण ट्रॅकर हे आहाराच्या नोंदींचं अ‍ॅप टाकलं की गरम व्हायचे, बंद पडायचे. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या डोक्यावर, आणि माहिती भरायची इंग्रजीत. टॅबवाल्या देणगीदाराला ही गोष्ट जरूर सांगा. वस्तू देणं हा एका दिवसाचा खर्च. तिची बॅटरी, काच, डेटा, दुरुस्ती आणि जबाबदारी हा पाच वर्षांचा, आणि तो कुणीच धरत नाही. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी त्याच अ‍ॅपवर लाभार्थीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. गरोदर बाई माहेरी असली, तिचा नंबर बंद असला, तर सेविका काय करते? ती आपल्या पदरचा वेळ घालते.

शाळेतल्या टॅबचं जास्त बोलत नाही. केंद्र सरकारच्या शाळांच्या नोंदीनुसार २०२४-२५ मध्ये देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होतं. पण बिल थकलं म्हणून वीज तोडलेल्या जिल्हा परिषद शाळा तुम्हीही पाहिल्या असतील. आणि तुमच्या गावांतली निम्मी पोरं नोव्हेंबर ते मार्च आईबापाबरोबर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत असतात, तेव्हा टॅब गुरुजींच्या कपाटात असतो. वसतिगृह चालवणारं कुणी असेल तर त्याला मुलांसाठी एक साधा, आठवड्यातून दोनदा आईबापांशी व्हिडिओवर बोलता येईल असा फोन द्या. तेवढ्याने मूल हंगामभर टिकतं.

वाय-फायचं सांगतो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ ला मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, २०२३ मध्ये सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. तुमच्या गावात फायबर बहुधा पोचलेलीही असेल. ग्रामसेवकाला विचारा, डबा कुठे आहे. बंद खोलीत, वर धूळ, दिवा लाल. रस्त्याचं काम करताना जेसीबीने तार तोडली की जोडायला कुणी यायचं यावर महिने जातात. म्हणून गावात नवीन वाय-फाय बसवण्याआधी असलेला डबा चालू करून घ्या, पंचायतीच्या खोलीबाहेर एक बाक आणि चार्जिंगचा बोर्ड लावा. त्याला देणगीदार लागत नाही, सरपंच लागतो. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे ठरलेल्या टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही आणि रेशनच्या मशिनलाही तिथेच न्यावं लागतं. तिथे खरंच टॉवर हवा, आणि तो संस्थेच्या आवाक्याबाहेरचा आहे. बीडमध्ये तुमची अडचण ती नाही.

मग पैसे कसे लावायचे? मी असं करीन. गावातलीच बारावी झालेली, लग्न होऊन आलेली, हंगामाला न जाणारी अशी बाई निवडा. अशी सापडते. बचत गटात विचारा, बायका स्वतःहून नाव सांगतात. पुरुष नको असं नाही, पण बाईच्या फोनमध्ये काय आहे हे बाईला बाईजवळ उघडायला सोपं जातं, आणि संध्याकाळी सात वाजता तिच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. तिला मानधन द्या, नियमित द्या. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी तिची बैठक ठेवा, म्हणजे जे काम तालुक्याशिवाय होणार नाही ते दुसऱ्या दिवशी कागदांसकट जाईल.

तिचं पहिलं काम अर्ज भरणं नव्हे. पहिलं काम घरोघर एक तक्ता: कुणाच्या आधारला कोणता नंबर, तो आज कुणाकडे, चालू की बंद, बँकेला कोणता. सहा आकडी ओटीपी कुठे जातो हे गावाला पहिल्यांदा कळेल, आणि बरीच घरं हबकतील. हा तक्ता कागदावरच राहू द्या, कुणाचा आधार क्रमांक पूर्ण लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरे. त्यानंतर नंबर बदलण्याचं शिबिर. आधारचा नंबर बदलायला कागद लागत नाही, अंगठा लागतो. बहुतेकांना तालुक्याचं आधार केंद्र गाठावं लागतं, तिथे ७५ रुपये आणि रांग. पण पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन किंवा ग्रामीण डाक सेवकही मोबाईल नंबर आधारला जोडून देतात, घरी येऊन देतात. पोस्टमास्तरांना पत्र द्या, गावात एक दिवस मागा. ही सोय आहे आणि बहुतेकांना ठाऊक नाही.

मग त्या नंबरांचं हंगामातलं रिचार्ज. ज्या बाईला स्वतःचा नंबर ठेवायचाय तिला ८४ दिवसांचे दोन रिचार्ज भरून द्या, किंवा गटातून बिनव्याजी उचल द्या. हंगाम निघून जातो आणि नंबर जिवंत राहतो. देणगीदाराला सांगा, एका टॅबच्या किमतीत दहा बायकांचा हंगाम निघतो.

फसवणुकीबद्दल शिकवाल तर घाबरवून शिकवू नका. एकदा खात्यातून पैसे गेले की पूर्ण घर फोनला हात लावायचं सोडतं, आणि पहिली बंदी मुलीवर येते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर भिंतीवर रंगवा. पैसे गेल्यावर पहिल्या तासात फोन केला तर रक्कम मध्येच अडकवता येण्याची शक्यता असते, हे सांगा. लाजेने दोन दिवस घालवतात, तिथेच जातात पैसे.

आणि कागद सोडू नका. प्रत्येक अर्जाची पोच छापून बाईच्या पिशवीत गेली पाहिजे, त्यावर अर्ज क्रमांक आणि तिचाच नंबर. केंद्रातल्या पोराशी भांडू नका, त्याला बैठकीला बोलवा, चहा पाजा, आणि एकच मागा: अर्जात त्याचा नंबर जाणार नाही. बहुतेक जण मान्य करतात, कारण दुसऱ्यांच्या निरोपांचा त्यांनाही ताप आहे. दाखले वेळेत मिळण्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत उलटली की पहिलं अपील करा, तेवढ्याने फाईल हलते. ‘ऑनलाइनच करा, दुसरा मार्ग नाही’ असं कुणी म्हणालं तर लेखी मागा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्यायी मार्ग ठेवायला सांगितलं. डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या कॅमेऱ्यापुढे जे मिचकावू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तो निकाल होता. पण अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, नंबर हरवलेल्या माणसाचा अर्ज लिहितानाही त्याचा आधार घेता येतो. तहसीलदारांना दिलेल्या अर्जात तारखेसकट उल्लेख करा, वाचणारा कारकून जरा सावरून बसतो.

वेळापत्रक शेवटी लिहितोय, पण सगळ्यात आधी तेच ठरवा. तक्ता जुलैत, पेरणी उरकल्यावर. पोस्टाचं शिबिर गणपतीच्या आधी. रिचार्ज आणि छापील पोच दसऱ्याच्या आत. उचल घेऊन झाली, गाडीची तारीख लागली की कुणीही तुमच्यापुढे बसणार नाही, आणि बसूही नये. हंगामात तुम्ही नेमलेल्या बाईने दर पंधरा दिवसांनी प्रत्येक नंबरावर एक मिस्ड कॉल द्यायचा. वाजला तर ठीक. नाही वाजला तर नवऱ्याच्या फोनवर विचारायचं, तोही लागत नसेल तर मुकादमाला. त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात.